नंबर बरोबर, तरी एका बाजूचं दिसत नाही

प्रश्न : वय ६१, गेवराई. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. दोन महिन्यांपासून डावीकडून येणारं जनावर, गाडी दिसतच नाही. तपासलं तर म्हणतात, डोळा ठणठणीत आहे. मग हे काय?

काका, भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मधोमध नजर ठेवा आणि आळीपाळीने एकेक डोळा झाका. डावा झाकल्यावर उजव्या डोळ्यालाही डावीकडचं दिसत नसेल, तर दोष बहुधा डोळ्यात नाही, मेंदूच्या उजव्या भागात आहे. दोन्ही डोळ्यांना दिसणारी डावी बाजू तिथेच उमटते. तिथला रक्तपुरवठा तुटला, तरी तक्त्यावरची शेवटची ओळ वाचता येते. म्हणून तुमचा डोळा चांगला ठरला. फील्ड टेस्ट (नजर समोर ठेवून आजूबाजूचं किती दिसतं, ती तपासणी) आणि मेंदूचा एमआरआय करायचाच, सोबत बीपी, शुगर, ईसीजी. अंबाजोगाईचं मेडिकल कॉलेज किंवा संभाजीनगरचं घाटी रुग्णालय गाठा. आणि तोवर मोटारसायकलला हात लावू नका, हे हात जोडून सांगतो. असं कुणाला अचानक झालं, तर त्याच तासाला दवाखान्यात न्यावं. रक्तपुरवठा अडवणारी रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.

प्रश्न : वय ३४, परभणी. दोन्ही कडांचं कमी दिसतं, डोकं दुखतं. पाळीही बंद आहे, पण त्याचा संबंध नसावा.

ताई, संबंध असू शकतो. डॉक्टरांना तेच आधी सांगा. मेंदूच्या तळाशी पीयूष ग्रंथी असते आणि तिच्या वरच दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेदतात. ग्रंथीला गाठ आली की तिथे खालून दाब पडतो आणि दोन्ही डोळ्यांची कानाकडची बाजू जाते. एमआरआय करा आणि रक्तातलं प्रोलॅक्टिन तपासा. हे त्याच ग्रंथीचं हार्मोन, ते वाढलं की पाळी थांबू शकते. प्रोलॅक्टिनची गाठ असेल तर ती बऱ्याचदा नुसत्या गोळ्यांनी आटते.

प्रश्न : लातूर. फील्ड टेस्ट खराब आली, पण डोळ्याचा दाब १६ आहे. मशीन चुकलं का?

पहिली टेस्ट पुष्कळांची बिघडते. चष्म्याची कड आडवी आली, पापणी लोंबलेली असली, तरी कागदावर काळा डाग उमटतो. म्हणून ती पुन्हा करा. डाग त्याच जागी आला, तर मात्र १६ वर विसंबू नका. दाब २१ च्या आत, म्हणजे नेहमीच्या मर्यादेत, असूनही काचबिंदू होतो. डोळ्याच्या नसेचा ओसीटी, म्हणजे तिच्या थराची जाडी मोजणारं स्कॅन, करा. नस खोलगट होण्यापेक्षा फिकट जास्त पडली असेल, तर काचबिंदूचे थेंब घालत बसण्याआधी एमआरआय हवा.

प्रश्न : हिंगोली. टीबीच्या गोळ्या चालू आहेत. लाल रंग फिका दिसतो, मधोमध धूसर वाटतं.

आजच टीबीच्या डॉक्टरांना भेटा. टीबीच्या गोळ्यांतल्या इथॅम्ब्युटॉल या औषधाने डोळ्याच्या नसेला इजा होऊ शकते आणि ते लवकर थांबवलं तर नजर सुधारण्याची आशा जास्त. कोणतं औषध बंद करायचं ते डॉक्टर ठरवतील. तुम्ही आपल्या मनाने सगळ्या गोळ्या सोडू नका.