म्हशीवर औषध सांडलं, आता यातच करिअर करू का?

पत्र: पीयूसी सेकंड इयरला (म्हणजे बारावीला) आहे, पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी). गाव कर्नाटकात, निपाणीजवळ. तंबाखूवर मारायचं औषध गोठ्यात सांडलं, म्हशीच्या पाठीवर पडलं. आम्ही तिला ऊन पाण्यानं काथ्या लावून खसाखसा घासलं, तर लाळ गळायला लागली. डॉक्टर आले, इंजेक्शनं दिली, वाचली. केमिकल पडलेल्या जनावरांना धुवायचं, वाचवायचं याचा कोर्स असतो का सर?

उत्तर: म्हस वाचली, बरं झालं. पण धुताना तू हातात काय घातलं होतंस रे? बहुतेक काहीच नाही. हे विष माणसाच्या कातडीतनंपण आत जातं, म्हणून या कामात आधी स्वतःचं बघायचं, रबरी हातमोजे, गमबूट, प्लास्टिकचा एप्रन, आणि वारा पाठीवर घेऊन उभं राहायचं, मग म्हस. ऊन पाणी आणि काथ्या ही चूकच झाली, सगळीकडं तेच करतात म्हणा, पण त्यानं औषध कातडीत जास्त मुरतं. गार नाहीतर कोमट पाणी भरपूर, साधा साबण, पाठीवरनं खाली, डोळे-तोंड सांभाळून, आणि पावडर असेल तर पाणी मारायच्या आधी कोरडीच झटकायची. अंग चाटेल म्हणून दावं आखूड बांधायचं, ते पाणी ओढ्यात नाहीतर गव्हाणीत जाऊ द्यायचं नाही, आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत दूध संस्थेत घालायचं नाही. लाळ, थरथर, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, हे ऑरगॅनोफॉस्फेट नावाच्या कीटकनाशकांच्या विषबाधेचं लक्षण, त्यावर ॲट्रोपिनचं इंजेक्शन देतात, पण ते डॉक्टरनंच.

आता कोर्स. फक्त एवढ्याच कामाची डिग्री शोधत बसू नकोस, रस्ता पशुवैद्यकातनंच जातो. बीव्हीएससी अँड एएच, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरची डिग्री, साडेपाच वर्षं, त्यातलं शेवटचं एक इंटर्नशिप. विषबाधा त्यात शिकवतात, पुढं एमव्हीएससीला (त्याच्या पुढची मास्टर डिग्री) फार्माकॉलॉजी-टॉक्सिकॉलॉजी, म्हणजे औषधं आणि विषांचा विषय, घेता येतो. कर्नाटकात केसीईटी (राज्याची प्रवेश परीक्षा) दे, घरची शेती असेल तर शेतकरी कोटा बघ, त्याला प्रॅक्टिकल टेस्ट असते. नीटपण दे, ऑल इंडिया कोट्याच्या 15 टक्के जागा त्यावर भरतात. आणि कन्नड लिहायला-वाचायला चांगलं करून घे, सरकारी नोकरीला लागतंच, शिवाय बरेच पशुपालक कन्नडच बोलणार, त्यात मराठी-कन्नडचा मान-अपमान कशाला आणायचा.

एनडीआरएफचं (आपत्तीत बचाव करणारं केंद्राचं दल) सगळ्यांना आकर्षण, केमिकलच्या अपघाताचं ट्रेनिंग त्यांच्याकडं असतं खरं, पण 2006 ला उभी राहिलेली ही फोर्स बीएसएफ, सीआरपीएफसारख्या दलांतनं माणसं घेते, थेट बारावीवर नाही. आर्मीत रिमाउंट व्हेटर्नरी कोअर, म्हणजे लष्कराच्या जनावरांचा विभाग आहे, ती डिग्रीनंतर. मला विचारशील तर आधी सुट्टीत गावच्या पशु दवाखान्यात जाऊन बस, शेण-रक्त-वासानं पोटात ढवळत नाही ना बघ.

आणि त्या दिवशीची बाटली फेकली नसशील तर लेबलचा फोटो काढून घरच्यांच्या फोनमध्ये टाकून ठेव. डॉक्टर आल्या आल्या आधी तेच विचारतात, कुठलं औषध होतं म्हणून.