फिल्टर पांढरा आहे, म्हणजे चांगला आहे?

प्रश्न : ताई, नमस्कार. डोंबिवलीत आमच्या इमारतीसमोर वर्षभर रस्त्याचं काँक्रीटीकरण चाललंय. नातवाला दमा आहे, म्हणून दीड वर्षापूर्वी एअर प्युरिफायर घेतला. फिल्टरचं 58 टक्के आयुष्य शिल्लक आहे असं यंत्र दाखवतं. फिल्टर जेमतेम राखाडी झालाय, वाराही जोरात येतो. पण सकाळी देवापुढे उदबत्ती लावली की पीएम 2.5चा, म्हणजे हवेतल्या बारीक कणांचा, चढलेला आकडा पूर्वीसारखा झटकन उतरत नाही. मागच्या महिन्यात सूनबाईंनी फिल्टरवर सॅनिटायझर फवारून तो स्वच्छ पुसला होता. त्याने काही बिघडलं असेल का?

उत्तर : काका, बिघडलं. पण सूनबाईंना बोलू नका; फिल्टर दीड वर्ष देवघराशेजारी चालतोय, तो आधीच बराच उतरलेला असणार. सॅनिटायझरने उरलंसुरलं संपवलं.

मी 26 वर्षं भोसरीत फिल्टर तपासण्याचं काम केलं. एकदा एका कारखान्याच्या पेंट शॉपमधून परत आलेले फिल्टर आमच्या टेस्ट रिगवर, म्हणजे तपासणीच्या यंत्रावर, चढले. पांढरेशुभ्र, घडी न घडी सरळ. हवेला होणारा अडथळा अगदी नव्याइतकाच. सोबत आलेले गृहस्थ म्हणाले, "मॅडम, हे तर वापरलेच नाहीत." मग बारीक कण सोडून मोजलं, तर नव्या फिल्टरच्या निम्मेसुद्धा कण अडेनात. चौकशी केल्यावर कळलं, हवा आत घेण्याची जाळी थिनरच्या खोलीला लागून होती. फिल्टरवर धूळ नव्हतीच. थिनरच्या वाफेने त्यांचा चार्ज उतरवला होता.

हा चार्ज काय प्रकार आहे ते सांगते. तुमच्या यंत्रातला फिल्टर बहुधा पॉलिप्रॉपिलीनच्या बारीक धाग्यांचा आहे. पॉलिप्रॉपिलीन म्हणजे ज्याच्या दोऱ्या आणि प्लास्टिकच्या गोण्या बनतात तेच प्लास्टिक, फक्त केसाहून कितीतरी बारीक काढलेलं. धागे तयार होताना त्यांना उच्च दाबाची वीज दाखवतात आणि विद्युतभार त्यांच्यात अडकून बसतो. त्यामुळे धागे विरळ ठेवले तरी जवळून जाणारे कण ओढले जातात. विरळ धाग्यांतून हवा सहज जाते, छोटा पंखा पुरतो, रात्री आवाज होत नाही. नुसत्या जाळीने तेवढंच गाळायचं, तर धागे आणखी बारीक आणि दाट लागतात. काचेच्या तंतूंचे जुन्या पद्धतीचे हेपा (अतिबारीक कण गाळणारे) फिल्टर असेच असतात; त्यांना चार्ज लागत नाही, त्यामुळे तो उतरण्याचा प्रश्नही नाही.

आता गंमत बघा. नुसत्या जाळीवर धूळ बसली की ती धूळच गाळायला मदत करते. म्हणजे असा फिल्टर जुना होताना वारा कमी देतो, पण गाळतो जास्त. चार्जवाल्याचं सुरुवातीला उलटं होतं. उदबत्ती, डासांची कॉइल, फोडणीचा तेलकट धूर, डिझेलची काजळी यांचे अतिबारीक कण धाग्यांवर लेप देतात आणि धाग्यांची ओढ झाकून टाकतात. अडथळा फारसा वाढत नाही, म्हणून वारा छान लागतो, पण बरेच कण बिनदिक्कत पार होतात. पुढे धुळीचा थर साचला की गाळण थोडी सुधारते, तोवर वारा मंदावलेला असतो. तुमच्या रस्त्याची सिमेंटची धूळ त्या मानाने जाडी. ती फिल्टर काळवंडवते, पण चार्जचा घात देवघर जास्त करतं. (उदबत्ती बंद करा असं मी म्हणत नाही. प्युरिफायर दुसऱ्या खोलीत न्या.)

अल्कोहोल तर हा चार्ज मुद्दाम उतरवायला वापरतात. 2016 साली आलेल्या आयएसओ 16890 या आंतरराष्ट्रीय मानकात फिल्टरला एक दिवस आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या वाफेत ठेवून पुन्हा मोजतात, म्हणजे चार्ज वजा केल्यावर नुसती जाळी किती गाळते ते कळतं. ईपीएम 1 गटात, म्हणजे एक मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि त्याहून बारीक कण अडवणाऱ्यांत, बसायचं तर वाफेनंतरही असे निदान 50 टक्के कण अडायलाच हवेत. हे मानक इमारतींच्या वातानुकूलनाच्या फिल्टरना लागू आहे. घरगुती प्युरिफायरच्या खोक्यावर 99.97 टक्के कण अडतात असा जो आकडा असतो, तो कोऱ्या फिल्टरचा.

यंत्रावरच्या 58 टक्क्यांवर जाऊ नका. बहुतेक यंत्रं पंखा किती तास फिरला तेवढंच मोजतात. त्यापेक्षा तुम्ही जे नकळत केलंत तेच नीट करा. नवा फिल्टर बसवलात की खोली बंद करून उदबत्ती लावा, आकडा 200च्या वर गेला की ती विझवा आणि 200चे 100 व्हायला किती मिनिटं लागली ते कॅलेंडरवर लिहा. पंख्याचा वेग दर वेळी तोच. माझ्याकडे नव्या फिल्टरला सात मिनिटं लागली होती, चौदा महिन्यांनी अकरा. त्या दिवशी मी तो बदलला. मीटर थेट यंत्राच्या तोंडाशी धरून मात्र समाधान मानू नका; घरगुती मीटरला 0.3 मायक्रॉनखालचे कण जवळजवळ दिसतच नाहीत आणि चार्ज उतरला की गळती तिथेच सर्वांत जास्त.

तोवर घाबरून यंत्र बंद करू नका. खोलीतली हवा त्यातून पुन्हा पुन्हा फिरते, त्यामुळे एका फेरीत 70 टक्केच कण अडले तरी खोली साफ होते, वेळ जास्त लागतो इतकंच. पण दम्याचं पोर आहे. नवा फिल्टर मागवा.

प्रश्न : 2020 मध्ये घेतलेले एन 95 मास्क कपाटात पडून आहेत. काही न उघडलेले, काही साबणाने धुऊन ठेवलेले. आता साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की अंगणात राख पडते. यातले कोणते वापरू? — एक वाचक भगिनी, सांगली

उत्तर : धुतलेले टाकून द्या. साबणानेही चार्ज जातो आणि मास्कमध्ये गाळण्याचं बहुतेक काम चार्जच करतो. न उघडलेले कोरड्या, थंड जागी असतील तर चार्ज वर्षानुवर्षं टिकतो. अमेरिकेत मुदत उलटलेल्या साठ्यातले मास्क तपासले तेव्हा बहुतेकांची गाळण ठीक निघाली. आधी पट्टा ताणून बघा. तो तुटला किंवा नाकाजवळचा स्पंज भुगा होऊन हातात आला, तर मास्क चेहऱ्याला बसणारच नाही. आणि कोणी सांगितलं म्हणून चार्ज परत यायला मास्क उन्हात वाळत घालू नका. उन्हाने चार्ज येत नाही, प्लास्टिक मात्र ठिसूळ होतं.