जर्मनीत शाकाहारी विद्यार्थ्याने स्वस्तात प्रोटीन कुठून मिळवावं?

प्रश्न थोडक्यात असा: मास्टर्ससाठी जर्मनीत आलोय, शाकाहारी आहे, अंडी चालतात. ब्लॉक्ड अकाउंटमधून, म्हणजे व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या खात्यातून, महिन्याला ९९२ युरो सुटतात आणि त्यातला मोठा भाग भाड्यातच जातो. इंडियन स्टोअरमधलं पनीर आणि तूरडाळ परवडत नाही, तेव्हा प्रोटीन पावडर घ्यावी का?

पावडरीची गरज नाही. अडचण अशी होते की आपण भारतातली यादी घेऊन दुकानात शिरतो. तूरडाळ, मूगडाळ, पनीर हे इथे लांबून आलेले किंवा कमी खपाचे पदार्थ, म्हणून महाग. इथे ढिगाने खपणाऱ्या मालावर आपला स्वयंपाक बसवला की खर्च एकदम खाली येतो.

आधी हिशोब. इथे दुकानातल्या पट्टीवर पाकिटाच्या किमतीखाली बारीक अक्षरांत ग्रुंडप्राइस, म्हणजे किलोचा किंवा लिटरचा भाव छापलेला असतो. तसा कायदाच आहे. पाकिटामागच्या तक्त्यात 'आयवाइस', म्हणजे प्रोटीन, या ओळीत १०० ग्रॅममागे किती प्रोटीन ते मिळतं. किलोच्या भावाला त्या आकड्याने भागा आणि दहाने गुणा, की १०० ग्रॅम प्रोटीनची किंमत आली. उदाहरणार्थ क्वार्क (आपल्या चक्क्यासारखा इथला दुधाचा पदार्थ) किलोला २.८० युरो आणि प्रोटीन १२ ग्रॅम: २.८० भागिले १२, गुणिले १०, म्हणजे साधारण २.३० युरो.

आल्डी, लिडल, पेनी अशा डिस्काउंट दुकानांच्या आणि तुर्की दुकानांच्या भावांनी हा हिशोब केला तर १०० ग्रॅम प्रोटीन मसूर किंवा सोया ग्रॅन्युल्समधून एक-सव्वा युरोत पडतं. क्वार्कमधून सव्वादोन ते अडीच, दुधातून तीनच्या आसपास, अंड्यांतून तीन ते साडेतीन, टोफूतून चारच्या आसपास. व्हे पावडर (दुधाच्या निवळीतल्या प्रोटीनची) साडेतीन-चार युरोंवर जाते, 'हाय प्रोटीन' लिहिलेलं पुडिंग पाचच्या वर आणि इंडियन स्टोअरचं पनीर सहाच्याही वर. शहर आणि आठवडा बदलला की आकडे थोडे हलतात, क्रम सहसा तोच राहतो.

आता क्वार्क, कारण शाकाहारी माणसाला जर्मनीत याच्याइतकी सोयीची गोष्ट दुसरी नाही. मागरक्वार्क, म्हणजे फॅट काढलेलं, घ्यायचं, ५०० ग्रॅमचा डबा. एका डब्यात साठ ग्रॅम प्रोटीन, फॅट जवळपास शून्य. शेजारीच २० टक्के आणि ४० टक्केवालं क्वार्क असतं. तो आकडा पाणी वगळून उरलेल्या भागातल्या फॅटचा असतो. प्रत्यक्षात ४० टक्केवाल्यात फॅट अकराएक टक्के असतं आणि प्रोटीन मागरपेक्षा कमी. फळं घातलेलं क्वार्क तर घेऊच नका, त्यात साखरेचे पैसे मोजता.

नुसतं खाल्लं तर मागरक्वार्क तोंडात खडूसारखं कोरडं लागतं, आणि बरेच जण तिथेच ते सोडून देतात. चार चमचे दूध किंवा दोन चमचे साधं ३.५ टक्क्यांचं दही घालून चांगलं घोटा, पोत बदलतो. मग काकडीची कोशिंबीर करा, वर हिंग-मोहरी-मिरचीची फोडणी द्या. आपल्या चक्क्याच्या हे इतकं जवळचं आहे की दही टांगून ठेवायची कटकट न करता श्रीखंड होतं: ५०० ग्रॅम क्वार्कला १०० ग्रॅम पिठीसाखर, वेलची, जायफळ. चक्क्यापेक्षा आंबटपणा कमी असतो, म्हणून साखर हात राखून घाला.

कढी करायची तर क्वार्क गरम करताना फाटतं हे लक्षात ठेवा. २०० ग्रॅम क्वार्क, ६०० मिली थंड पाणी आणि दोन मोठे चमचे बेसन गुठळी न राहता एकत्र घुसळा, मगच गॅसवर किंवा शेगडीवर ठेवा आणि पहिली उकळी येईपर्यंत ढवळत राहा. बेसनामुळे ते धरून राहतं. लिंबू पिळायचं ते उतरवल्यावर.

पराठ्याची कणीक भिजवतानाही वापरा: २५० ग्रॅम कणकेला २०० ग्रॅम क्वार्क. मीठ आणि मसाला घालून आधी पाण्याशिवाय मळा, कारण मिठाने क्वार्कला पाणी सुटतं. लागलंच तर शेवटी चमचाभर पाणी. हा गोळा तासभर ठेवलात तर चिकट होऊन लाटता येणार नाही. दहा मिनिटांत लाटायला घ्या. पराठ्यांत यातून २४ ग्रॅम प्रोटीन जास्तीचं गेलं.

कट्टर शाकाहारी असाल तर एक गोष्ट तपासा. क्वार्क, स्किर (दह्यासारखा घट्ट पदार्थ) आणि चीजमध्ये 'लाब', म्हणजे दूध घट्ट करणारं रेनेट, वापरतात, ते वासराच्या पोटातलंही असू शकतं आणि जिवाणू-बुरशीपासून केलेलंही. घटकांच्या यादीत ते लिहिणं बंधनकारक नाही. शाकाहाराचा पिवळा-हिरवा 'व्ही' शिक्का असलेला डबा घ्या किंवा कंपनीला ईमेल करा. बहुतेक कंपन्या उत्तर देतात.

डाळींसाठी तुर्की दुकान गाठा. 'कर्मझी मेर्जिमेक' म्हणजे आपली लाल मसूरडाळ, 'येशिल मेर्जिमेक' म्हणजे अख्खे हिरवे मसूर, 'नोहुत' म्हणजे काबुली चणे आणि 'नोहुत उनु' म्हणजे त्यांचंच पीठ, बेसनाच्या जागी चालतं. किलोची पिशवी घ्या. लाल मसूर कुकरशिवाय शिजते: एक वाटी डाळ, तीन वाट्या पाणी, हळद, पंधरा-वीस मिनिटं. फेस येतो तो काढून टाका, नाहीतर उतू जाऊन काचेच्या शेगडीवर करपतो आणि निघता निघत नाही. गोडा मसाला आणि चिंच-गूळ घातला की आमटी छान होते, तुरीपेक्षा जरा पातळ वाटते इतकंच. चिंच किंवा टोमॅटो डाळ पूर्ण शिजल्यावरच. आंबटाने डाळ कडक राहते.

चणे, राजमा शिजतच नाहीत ही तक्रार बर्लिन, म्युनिकमध्ये नेहमीची. तिथलं नळाचं पाणी जड आहे, त्यातल्या कॅल्शियमने साल मऊ होत नाही. बारा तास भिजवताना पाव किलोला अर्धा छोटा चमचा नाट्रॉन, म्हणजे खायचा सोडा घाला, ते पाणी फेकून ताज्या पाण्यात शिजवा. शेजारच्याच पुडीवर बाकपुल्फर, म्हणजे बेकिंग पावडर, लिहिलेलं असतं, ते घेऊ नका, त्यात सोड्याबरोबर आम्लही असतं. राजमा सुरुवातीला किमान दहा मिनिटं खळखळून उकळलाच पाहिजे; कच्च्या राजम्यातला विषारी घटक मंद आचेवर जात नाही आणि उलट्या होतात. भारतातून आणलेला ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापत नाही, घर बघताना शेगडी कुठली हे आधीच विचारा.

मटकी मिळत नसेल तर अख्ख्या मसुराला मोड आणून उसळ करा. हिवाळ्यात घर १९-२० अंशांवर असतं, तेव्हा मोडांना दोन-तीन दिवस लागतात. हीटरजवळ ठेवा आणि रोज एकदा धुवा, नाहीतर वास येतो.

सोया ग्रॅन्युल्स डीएम, रॉसमान या साबण-शाम्पूच्या साखळी दुकानांमध्ये मिळतात. शंभर ग्रॅम कोरड्या मालात पन्नास ग्रॅम प्रोटीन. यात फसतं ते एकाच जागी: पिळण्यात. गरम मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं भिजवा, पिळा, साध्या पाण्यात धुवा आणि पुन्हा घट्ट पिळा. पाणी राहिलं तर कच्चट वास येतो आणि मसाला आत शिरत नाही. मग कांदा-खोबऱ्याच्या वाटणात सुकं करा. सुरुवातीला माणशी कोरड्या मापाने ३० ग्रॅमच घ्या, एकदम जास्त खाल्लं तर पोट फुगतं.

अंड्यांवर शिक्क्याचा पहिला आकडा बघा: ० सेंद्रिय, १ मोकळ्या अंगणातल्या कोंबड्यांची, २ बंदिस्त शेडमधली, ३ पिंजऱ्यातली. स्वस्त दहाचं खोकं सहसा २ क्रमांकाचं असतं. प्रोटीन सगळ्यांत सारखंच.

पनीर घरी करायचं तर फ्रिजमधलं ताजं फोलमिल्श, म्हणजे पूर्ण फॅटचं दूध, घ्या. बाहेर शेल्फवरचं हा-मिल्श, म्हणजे टिकाऊ दूध, आधीच फार तापवलेलं असतं, त्याचं पनीर भुसभुशीत होतं. भुर्जीला चालेल, तुकडे पडणार नाहीत. दूध फाडायला व्हिनेगर समजून लोक एसिगएसेन्स घेतात. त्यात २५ टक्के आम्ल असतं. एका भागाला चार भाग पाणी घालूनच वापरा.

काही सापळे. ओट्सच्या दुधात १०० मिलीला एखादाच ग्रॅम प्रोटीन, सोयाच्या दुधात तीन-साडेतीन. व्हीगन चीज बहुतेक खोबरेल तेल आणि स्टार्च असतं, प्रोटीन जवळपास नाही. डब्यातल्या मसुराच्या सूपमध्ये बऱ्याचदा 'श्पेक', म्हणजे डुकराचं खारवलेलं चरबीचं मांस, असतं, यादी वाचा. शेंगदाणे भावात स्वस्त, पण २० ग्रॅम प्रोटीनसाठी ८० ग्रॅम खावे लागतात आणि साडेचारशेच्या वर कॅलरी जातात. तेवढंच प्रोटीन १७० ग्रॅम क्वार्कमध्ये सव्वाशेच्या आत मिळतं.

जर्मन पोषणसंस्थेची शिफारस किलो वजनामागे रोज ०.८ ग्रॅमची आहे, आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेची ०.८३. म्हणजे ६५ किलोच्या माणसाला ५२ ते ५४ ग्रॅम. सकाळी अर्धा डबा क्वार्क (३०), दुपारी ६० ग्रॅम मसुराची आमटी (१४), रात्री दोन अंड्यांची भुर्जी (१३): सत्तावन्न झाले, पोळी-भाताचे वेगळे. खर्च सव्वा-दीड युरो. भात-पोळी आणि डाळ दिवसभरात दोन्ही पोटात गेली की अमिनो आम्लांची भरपाई आपोआप होते, एकाच घासात हवीत असं नाही.

व्यायामशाळेत रोज जड वजनं उचलत असाल आणि गरज शंभर ग्रॅमच्या वर गेली, तर संध्याकाळी उरलेला अर्धा डबा क्वार्क आणि आमटीत ३० ग्रॅम सोया इतकं वाढवा. त्यानंतरही कमी पडत असेल, किंवा दिवसभर लॅबमध्ये असल्याने जेवणच चुकत असेल, तरच साधी, चव न घातलेली व्हे पावडर बघा, तीही १०० ग्रॅममागे ७५ ग्रॅमच्या खाली प्रोटीन असलेली नको. किडनीचा त्रास असेल तर मात्र प्रोटीन वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा.