शेताचा प्लॉट घेताना : वाचकांचे प्रश्न

पुण्याभोवतीच्या गावांतून तेच ते प्रश्न येत राहतात, म्हणून उत्तरे एकत्रच देतो.

प्रश्न : सातबाऱ्यावर माझे नाव लागले. तरी घर बांधायला परवानगी लागते?

लागते. सातबारा ही महसुली नोंद आहे, बांधकाम परवाना नव्हे.

प्रश्न : आमचे गाव 2021 मध्ये महापालिकेत गेले. जमीन आपोआप निवासी झाली ना?

नाही. हद्द बदलली, झोन (आराखड्यात ठरलेला जमिनीचा वापर) नव्हे. झोन दाखला काढा.

प्रश्न : गावठाणापासून 200 मीटरच्या आत एनए (बिगरशेती परवानगी) लागत नाही, असे एजंट म्हणतो.

एजंट अर्धेच सांगतो. महसूल अधिनियमाच्या कलम 42-ड मध्ये ही सवलत दिली होती, पण प्रादेशिक आराखड्यात तिथे निवासी वापर चालत असेल तरच. सरकारी भरणा आणि नकाशा मंजुरी सुटत नाही. अंतरही गावठाणाच्या हद्दीपासून मोजायचे, एसटी थांब्यापासून नव्हे. नियम सारखे बदलताहेत. तहसील कार्यालयात आजची स्थिती विचारा.

प्रश्न : प्लॉटमागे ओढा आहे. 'पावसाळ्यापुरताच वाहतो, पाइप टाकून वरून रस्ता करून देतो,' असे विक्रेता म्हणतो. घ्यावा का?

घेऊ नका. ओढा पावसाळ्यातच वाहायचा! 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याने पुण्यात सोसायट्यांच्या भिंती पाडल्या, गाड्या वाहून नेल्या, माणसे दगावली. आजही दोन फुटी पाइपावर मुरूम टाकून त्याला रस्ता म्हणतात, आणि जाहिरातीत तोच ओढा 'निसर्गाच्या सान्निध्यात' होतो.

जुन्या लोकांनी घरे उंचवट्यावर पांढरीत (गावठाणाच्या जमिनीत) बांधली, शेती काळीत ठेवली. आता वस्ती थेट काळीत उतरली आहे. शेताच्या पट्ट्या पडतात, पट्ट्यांचे दोन-दोन गुंठे होतात आणि बांध होता तोच रस्ता ठरतो. बैलगाडीपुरती वाट, दोन्ही अंगांना तीन मजली घरे. पाण्याचा टँकर शिरला की दूधवाला अडतो. अग्निशमनाची गाडी तर आत येणारच नाही. शेजारच्या शेतात दुसरा कोणी प्लॉट पाडतो, त्याच्या गल्ल्या याच्या गल्ल्यांना जुळत नाहीत, त्या भिंतीशी जाऊन संपतात. मंजूर लेआउटमध्ये रस्ते आणि मोकळी जागा सोडावी लागते. ती गिळली म्हणूनच तुमचा प्लॉट स्वस्त आहे. त्यात काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. साध्या पायावरच्या भिंती तडकतात. मोजणीचा नकाशा आणि गावनकाशा शेजारी ठेवून ओढ्याची मूळ वाट पाहा. दुसरी जागा काळीतच मिळाली, तर माती तपासून स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा. विक्रेत्याच्या रंगीत कागदावर चाळीस फुटी रस्ता काढायला पैसे पडत नाहीत.

प्रश्न : 2023 मध्ये दोन गुंठे नोटरीवर घेऊन घर बांधले. गुंठेवारीत नियमित होईल असे ऐकले.

कोणाकडून ऐकले? 2001 चा गुंठेवारी कायदा गुंठ्या-गुंठ्याने पाडलेले प्लॉट आणि त्यांवरची बांधकामे नियमित करतो. त्याची मुदत 2021 मध्ये वाढवली, तीही 31 डिसेंबर 2020 पर्यंत झालेल्यांपुरतीच. तुमचे 2023 चे आहे. तुकडेबंदी (जमिनीचे छोटे तुकडे पाडण्यावरची बंदी) 2025 मध्ये शिथिल झाली हे खरे. पण तुकडा नियमित होणे वेगळे, त्यावरचे घर नियमित होणे वेगळे. शिवाय नोटरीने मालकी मिळत नाही. सगळे कागद घेऊन जमिनीच्या कामातला वकील गाठा, आणि तोवर वरचा मजला चढवू नका.

प्रश्न : बुकिंगची सवलत रविवारी संपते. टोकन देऊन ठेवू?

नको. सवलत पुढच्या रविवारीही असते. आधी सर्च रिपोर्ट (जमिनीची मालकी आणि बोजे तपासणारा वकिलाचा अहवाल) येऊ द्या.