को-पायलटला विमान उडवता येतंच, मग कॅप्टन होताना सिम्युलेटरमध्ये पुन्हा काय शिकवतात?

तुम्ही लिहिलंय की तुमचा भाऊ सात वर्षं को-पायलट आहे आणि आता कमांड ट्रेनिंगच्या, म्हणजे कॅप्टन होण्याच्या प्रशिक्षणाच्या, तयारीत रात्र रात्र कॉकपिटच्या पोस्टरसमोर बसतो. ज्याला विमान येतं त्याने पुन्हा काय शिकायचं, आणि यात नापासही करतात का, असं तुम्ही विचारलंय. मी ठाण्यात राहतो, एअरबस ए३२० वर कॅप्टन आहे, याच वाटेने डाव्या सीटवर आलोय.

आधी पोस्टरचं सांगतो. को-पायलट उजवीकडे बसतो, त्यामुळे साइडस्टिक (विमान वळवायची दांडी) उजव्या हातात आणि थ्रस्ट लिव्हर (इंजिनांचा जोर कमी-जास्त करायचा दांडा) डाव्या हाताशी. कॅप्टनचं सगळं उलट. वर्षानुवर्षांची हातांची सवय मोडावी लागते, म्हणून तुमचा भाऊ करतोय ते बरोबरच आहे. शिवाय टेकऑफला विमान कुणीही उडवत असो, व्ही-वनपर्यंत थ्रस्ट लिव्हरवर हात कॅप्टनचा असतो. व्ही-वन म्हणजे असा वेग, की त्याच्या आत थांबायला सुरुवात केली तरच विमान उरलेल्या धावपट्टीत थांबतं. १०० नॉटच्या (ताशी सुमारे १८५ किलोमीटर) पुढे गेल्यावर आग, इंजिन बंद पडणं अशा मोजक्या कारणांसाठीच थांबायचं. क्षणभरात ‘स्टॉप’ किंवा ‘गो’ म्हणायचं, आणि ते कॅप्टननेच म्हणायचं.

पण हात दोन-तीन सेशनमध्ये वळतात. खरं शिक्षण त्यानंतरचं, ते माझ्या एका सेशनवरून सांगतो.

सिम्युलेटर म्हणजे सहा पायांवर उभी असलेली एक मोठी पेटी. आत हुबेहूब कॉकपिट, मागे इन्स्ट्रक्टरची खुर्ची. एक सेशन साधारण चार तासांचं, त्याआधी ब्रीफिंग आणि नंतर डीब्रीफिंग. त्या दिवशी आम्ही मुंबईहून उड्डाण केलं होतं, बाहेर पावसाळी ढग, आणि थोड्याच वेळात ग्रीन हायड्रॉलिक सिस्टीम, म्हणजे द्रवाच्या दाबाने विमानाचे भाग हलवणारी एक यंत्रणा, गेली. ए३२० मध्ये ग्रीन, ब्ल्यू आणि यलो अशा तीन हायड्रॉलिक सिस्टीम असतात, त्यामुळे एक गेली तरी विमान नीट उडतं. स्क्रीनवर चेकलिस्ट आली. विमान मीच उडवत होतो, रेडिओवर मीच बोलत होतो आणि चेकलिस्टमध्येही मीच डोकं घातलं होतं. उजवीकडची फर्स्ट ऑफिसर, म्हणजे को-पायलट, म्हणाली, “सर, इंधन बघायचं का?” मी म्हणालो, “हो, एक मिनिट.” थोड्या वेळाने तिने पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच उत्तर दिलं.

इन्स्ट्रक्टरने सिम फ्रीझ केला. समोरचे ढग जागच्या जागी थांबले. त्यांनी शांतपणे विचारलं, “तिने तुला दोनदा काय विचारलं?” मला खरंच आठवेना.

मग त्यांनी अमेरिकेतल्या पोर्टलँडची गोष्ट काढली. २८ डिसेंबर १९७८, युनायटेड एअरलाइन्सची फ्लाइट १७३, विमान डीसी-८. चाकं बाहेर पडताना काहीतरी बिघडल्याची शंका आली. त्या काळजीत कॅप्टनने विमान जवळपास तासभर घिरट्या घालत ठेवलं. इंधन संपत चाललंय हे फर्स्ट ऑफिसर आणि फ्लाइट इंजिनिअर यांना दिसत होतं, पण त्यांचं बोलणं कॅप्टनपर्यंत पोचलं नाही. इंजिनं बंद पडली, विमान शहराच्या उपनगरात कोसळलं, १८९ पैकी १० जण गेले. कॉकपिटमधल्या सगळ्यांचं डोकं कसं वापरायचं याचं, म्हणजे सीआरएमचं, प्रशिक्षण या कंपनीने १९८१ मध्ये सुरू केलं, त्यामागे हा अपघात होता. आज ते जगभर एअरलाइनच्या वैमानिकांना दिलं जातं. ही गोष्ट मी वर्गात अनेकदा ऐकली होती. त्या दिवशी मात्र तीच चूक मी स्वतः करून बसलो होतो.

तोच प्रसंग पुन्हा सुरू केला. या वेळी मी आधी “यू हॅव कंट्रोल” म्हणून विमान तिच्या हाती दिलं, आणि डोकं मोकळं झाल्यावर एकेक गोष्ट दिसायला लागली. ग्रीन गेल्यावर चाकं स्वतःच्या वजनाने खाली सोडावी लागतात आणि ती पुन्हा वर घेता येत नाहीत. म्हणजे उतरणं जमलं नाही, तर दुसऱ्या विमानतळापर्यंत चाकं खाली ठेवूनच जायचं, आणि त्यात इंधन कितीतरी जास्त जळतं. तिचा प्रश्न इतका मोलाचा होता! पुढे, काही ए३२० मध्ये अशी चाकं सोडल्यावर नोजव्हील (नाकाखालचं चाक) वळत नाही, आमचं तसंच होतं, म्हणून उतरल्यावर धावपट्टीवरच उभं राहावं लागणार. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, तेव्हा आपण नको तिथे थांबलो तर अख्खा विमानतळ अडतो. नवी मुंबईचा विमानतळ तेव्हा सुरू झाला नव्हता. म्हणून एटीसीला (हवाई वाहतूक नियंत्रकांना) आधीच सांगायचं, ओढायला टो-ट्रॅक्टर तयार ठेवायला लावायचं, केबिन क्रूला किती मिनिटं आहेत ते कळवायचं, प्रवाशांशी बोलायचं. चेकलिस्ट विमानापुरतं सांगते, बाकीचं कॅप्टनला सुचावं लागतं. आणि शेवटी तिला विचारायचं, “माझं काही राहिलंय का?” हे विचारून खरोखर थांबायचं आणि ऐकायचं. हे मला सगळ्यात जड गेलं.

नापास करतात का? हो, करतात, आणि करायलाच हवं. कमी पडणाऱ्याला जादा सेशन देतात. तरीही जमलं नाही तर तो को-पायलट म्हणून उडत राहतो आणि पुढे पुन्हा संधी मिळू शकते. पास झाल्यावरही लगेच विमान हाती देत नाहीत. आधी ट्रेनिंग कॅप्टनबरोबर प्रवाशांच्या फ्लाइट करायच्या, मग चेक. आणि दर सहा महिन्यांनी सिममध्ये परीक्षा आहेच, ती निवृत्तीपर्यंत सुटत नाही.

तुम्हाला मदत करायची असेल तर एक सुचवतो. माझी आई नौपाड्यात शिक्षिका होती. तिला विमानातलं काही कळत नाही, पण मी पोस्टरसमोर बसलो की ती वहीच्या कागदाच्या चिठ्ठ्या करून आणायची आणि मधेच एक माझ्यापुढे ठेवायची. ‘प्रवाशाच्या छातीत दुखतंय.’ ‘मागून जळका वास येतोय.’ एकदा तिने लिहिलं, ‘शेजारचा वैमानिक बोलत नाहीये.’ पुढे एका सेशनमध्ये इन्स्ट्रक्टरने फर्स्ट ऑफिसरला गुपचूप खूण केली आणि ती उतरताना गप्प झाली. दोन हाकांना उत्तर आलं नाही की विमान आपल्याकडे घ्यायचं, असा नियम आहे. मी दुसऱ्या हाकेला घेतलं. भावासाठी तुम्हीही चिठ्ठ्या लिहा, आणि त्या विमानाबद्दल नको, माणसांबद्दल असू द्या.