रताळी आणि कसाव्याचं (साबुदाणा ज्यापासून बनतो तो कंद) उत्पादन दरवर्षी घटतंय, खत वाढवूनही उपयोग नाही. काय करावं?

खताचा हात जरा आखडता घ्या आणि आधी बेण्याकडे, म्हणजे लागवडीला वापरता त्या कंद, वेल किंवा खोडाच्या तुकड्यांकडे बघा.

तुम्ही लिहिलंय की जमीन एकरभरच आहे, पाच-सहा वर्षं घरचंच बेणं फिरवताय, युरिया वाढवल्यापासून पाला माजतो पण खाली कंद भरत नाहीत. मी कंदपिकं घेणाऱ्या छोट्या शेतकऱ्यांसोबत काम करतो. असं वर्णन ऐकलं की माझा पहिला संशय बेण्यावर जातो, दुसरा युरियावर. माती तिसऱ्या नंबरवर.

धान्याचं पीक बियांवर येतं आणि बरेचसे विषाणू बियांतून पुढे जात नाहीत. रताळं, कसावा, बटाटा, सुरण यांत आपण झाडाचाच तुकडा पुन्हा लावतो. त्यामुळे जुन्या झाडाला जे जडलं होतं ते नव्या पिकाला पहिल्या दिवसापासून चिकटलेलं असतं, आणि दर हंगामात त्यात थोडी भर पडते. रताळ्यात दोन विषाणूंची जोडगोळी सगळ्यात वाईट. एक माव्यामुळे पसरतो, दुसरा पांढऱ्या माशीमुळे. माव्याचा एकटाच असेल तर वेल फारसं काही दाखवत नाही, पण दोन्ही एकत्र आले की उत्पादन निम्म्याच्याही खाली जाऊ शकतं. कसाव्यातला मोझॅक हा पानांवर चट्टे पाडणारा विषाणूरोगही पांढऱ्या माशीचीच देणगी. झाडात शिरलेला विषाणू मारणारं औषध नाही. तसं सांगून कोणी बाटली विकत असेल तर पैसे खिशातच राहू द्या.

ओळखायचं कसं? पीक महिना-दीड महिन्याचं झालं की ऊन चढायच्या आत ओळीओळीतून चाला. रोगट रताळ्याची पानं लहान, चिमटल्यासारखी, शिरांजवळ फिकट असतात आणि वेल पसरतच नाही. कसाव्याच्या पानावर पिवळे-हिरवे चट्टे दिसतात, पान एका अंगाला वाकडं होतं. एक खूण खास लक्षात ठेवा. अन्नद्रव्य कमी पडलं असेल तर साधारण पट्टाच्या पट्टा सारखा पिवळा दिसतो. विषाणू असेल तर तीन-चार बरी झाडं, मध्येच एक रोगट, पुन्हा दोन बरी, असं विस्कळीत चित्र असतं.

आता उपाय. सगळ्यात स्वस्त उपाय बटाट्यातून आला आहे. पीक फुलोऱ्यात असताना शेतात फिरून फक्त जोमदार, निरोगी झाडांशेजारी खुंट्या मारायच्या, काढणीला त्यांचे कंद वेगळे काढायचे आणि बेणं तेवढ्यातूनच धरायचं. केनियात शेतकऱ्यांच्याच शेतांवर याच्या चाचण्या झाल्या, तेव्हा नेहमीच्या बेण्यापेक्षा सरासरी एक-तृतीयांश जास्त उत्पादन मिळालं. खर्च काय, तर खुंट्या. नेहमीची रीत म्हणजे मोठा माल विकायचा आणि उरलेला बारका बेण्याला ठेवायचा. बारका कंद बऱ्याचदा रोगट झाडाचाच असतो, म्हणजे दरवर्षी आपण निवड करतो ती रोगाची! खुंट्या मात्र वेळेत मारा. पाला पिवळा पडू लागला की बरं झाड कोणतं आणि रोगट कोणतं, हे कळायचं बंद होतं.

रताळ्यासाठी हेच करा, फक्त त्याला बेणेमळ्याची जोड द्या. मुख्य पिकापासून शक्य तितक्या लांब एक छोटा वाफा ठेवा आणि त्यात खुंटीवाल्या वेलींचेच तुकडे लावा. रोगट दिसलेलं झाड त्याच दिवशी उपटून बाहेर न्या, हळहळत बसू नका. लागवडीला वेलीच्या शेंड्याकडचा 25 ते 30 सेंटिमीटरचा तुकडा घ्या. बुडख्याकडचा जून भाग नको, रताळं पोखरणाऱ्या सोंड्या भुंग्याची अंडी तिथे असतात. कसाव्याची कांडी 8 ते 12 महिन्यांच्या खोडाच्या मधल्या भागातून, 15 ते 20 सेंटिमीटरची. कापल्यावर छेद बघा. आतला मऊ गाभा खोडाच्या निम्म्या जाडीपेक्षा कमी हवा आणि कापल्या कापल्या चीक यायला हवा. चीक आला नाही तर कांडी वाळलेली आहे, फेकून द्या.

निवडीने रोग कमी होतो, संपत नाही. म्हणून काही हंगामांनी एकदा संशोधन केंद्रातून किंवा खात्रीच्या रोपवाटिकेतून स्वच्छ बेणं थोडंसं आणून ते आपल्याच बेणेमळ्यात वाढवावं. कसाव्यात मोझॅकला दाद न देणारे वाण आहेत. तुमच्या भागात ते मिळत असतील तर ती अर्धी लढाई झाली.

युरियाबद्दल थोडक्यात. युरियातून मिळणारं नत्र (नायट्रोजन) जास्त झालं की झाड पाला वाढवत बसतं, तेच तुमच्याकडे होतंय. कंदांबरोबर शेताबाहेर जाणाऱ्या अन्नद्रव्यांत पालाश (पोटॅश) सगळ्यात जास्त असतं, आणि नेमकं तेच कोणी टाकत नाही. जुन्या, खालच्या पानांच्या कडा करपल्यासारख्या दिसत असतील तर पालाश कमी आहे. नत्र कमी करून पालाश वाढवा, शेणखत पूर्ण कुजलेलंच घाला. आम्लधर्मी जमिनीत चुलीची राखही चालते. बटाट्याला मात्र राख नको, सालीवर खपल्या आणणारा खवल्या रोग वाढतो.

रताळ्याची कोणती मुळं पोसणार हे लागवडीनंतरच्या पहिल्या चार-सहा आठवड्यांत बरंचसं ठरून जातं. त्या दिवसांत पाणी साचलं, माती घट्ट राहिली किंवा कडक ताण बसला की मूळ लाकडी होतं, पेन्सिलीएवढं राहतं आणि पुढे कितीही खत ओता, ते फुगत नाही. म्हणून सपाट वाफ्यापेक्षा भुसभुशीत, उंच वरंबे बरे. कसाव्यात पहिले तीन महिने तण वाढू देऊ नका, नंतर त्याचीच सावली तण दाबते.

रताळं पोसू लागलं की बुंध्याभोवती जमिनीला भेगा पडतात आणि सोंड्या भुंगा त्याच वाटेने कंदापर्यंत उतरतो. पोखरलेलं रताळं कडू होतं, वरून थोडंच किडलेलं दिसलं तरी. मातीची भर देऊन भेगा बुजवत राहा, कंद तयार झाल्यावर जमिनीत ठेवू नका, काढणीनंतर वेली आणि किडके तुकडे शेतात पडू देऊ नका आणि त्याच जागी लगेच पुन्हा रताळं घेऊ नका. फवारणी मातीच्या आतल्या अळीपर्यंत पोहोचत नाही.

हे सगळं एकदम अख्ख्या शेतात करू नका. येत्या लागवडीला चार सऱ्या निवडक बेण्याच्या आणि शेजारी चार जुन्या बेण्याच्या लावा, खत-पाणी दोन्हींना सारखं द्या आणि काढणीला वेगवेगळं वजन करा. फरक पडला नाही, तर मग माती तपासून घ्या.