२३ घरे पाहून झाल्यावर

ठाण्याच्या नौपाड्यातील माझ्या समुपदेशन कक्षात ती पहिल्यांदा आली, तेव्हा तिने लॅपटॉप उघडून मला एक तक्ता दाखवला. वर्तकनगरपासून घोडबंदर रस्त्यावरील कासारवडवलीपर्यंत पाहिलेल्या २३ भाड्याच्या घरांची त्यात नोंद होती आणि प्रत्येक घरापुढे भाडे, डिपॉझिट, पाण्याची वेळ, हवा, शेजार असे १७ रकाने होते. राहत्या घराचा ११ महिन्यांचा करार संपायला तीन आठवडे उरले होते आणि निर्णय मात्र झालेला नव्हता. “एवढा अभ्यास करूनही मला एक घर निवडता येत नाही. विजेचे बिल भरायचे राहून जाते. आई म्हणते, तू हुशार आहेस पण आळशी आहेस. मॅडम, हे खरे आहे का?” असे तिने विचारले. (ओळख कळू नये म्हणून तिच्याविषयीचे काही तपशील मी बदलले आहेत.)

ती ३४ वर्षांची, ऐरोलीत नोकरी करणारी, आईसोबत राहणारी. मनोविकारतज्ज्ञांनी तिला एडीएचडी (लक्ष टिकवणे आणि स्वतःला आवरणे अवघड जाण्याची, लहानपणापासूनची मेंदूच्या वाढीशी निगडित अवस्था) असल्याचे निदान काही महिन्यांपूर्वी केले होते. हे निदान समुपदेशकाने करायचे नसते आणि इंटरनेटवरील चाचणीवरून तर मुळीच करू नये. कारण विसराळूपणा थायरॉईडच्या विकारात, अपुऱ्या झोपेत आणि नैराश्यातही दिसतो. शिवाय अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनच्या २०१३ सालच्या निदानपुस्तिकेनुसार यातील काही लक्षणे वयाच्या १२ वर्षांआधी दिसलेली असावी लागतात. म्हणूनच डॉक्टरांनी तिची जुनी प्रगतिपुस्तके मागवून पाहिली होती आणि ‘लक्ष दिल्यास अधिक यश मिळेल’ हा शेरा त्यांत वर्षानुवर्षे उमटलेला होता.

तिच्या प्रश्नाचे उत्तर मी ताबडतोब दिले: नाही. आळस करणारा माणूस रात्री दोनपर्यंत जागून १७ रकाने भरत बसत नाही. कामाला सुरुवात करणे, कामांचा क्रम लावणे, वेळेचा अदमास घेणे आणि एखादी गोष्ट हातातले काम संपेपर्यंत मनात धरून ठेवणे, या मेंदूच्या कार्यकारी क्षमता एडीएचडीमध्ये कमी पडतात. या विषयातील अभ्यासक रसेल बार्कली यांनी एक गोष्ट सातत्याने मांडली आहे: काय करायचे हे अशा व्यक्तीला ठाऊक असते, पण ठाऊक असलेले त्या क्षणी कृतीत उतरत नाही. त्यामुळे मदतही त्या क्षणी, त्या जागी ठेवावी लागते. लक्षात ठेवण्याचा भार डोक्यावरून उतरवून दारावर, भिंतीवर, फळीवर ठेवावा, असे मी एडीएचडी असलेल्यांना सांगत आले आहे.

हे माहीत असूनही पहिल्या भेटीत मी तिला रोजनिशी लिहायला सांगितले. चार दिवस लिहिल्यावर ती वही कपाटात गेली, आणि कपाटात गेलेली वस्तू तिच्यापुरती अस्तित्वातच उरत नाही, हे मी आधी विचारून घ्यायला हवे होते. दुसऱ्या भेटीत मी तिच्याकडून घराची छायाचित्रे मागवली. बिले खणात, औषधे डब्यात, डबे बंद कपाटात, अशी सगळी व्यवस्था नीटनेटकी आणि तिच्यासाठी निरुपयोगी होती. आम्ही स्वयंपाकघरातील एका कपाटाची दारे काढायची ठरवली, डाळी-पिठांसाठी पारदर्शक बरण्या घेतल्या, बाहेरच्या दाराच्या आतल्या बाजूस किल्ली आणि लोकलचा पास अडकवायला खुंटी ठोकली आणि अर्धवट राहिलेल्या कामांचे कागद टाकायला एकच टोपली ठेवली. विजेचे बिल बँकेतून आपोआप भरले जाईल अशी सोय केली, म्हणजे तो निर्णय दर महिन्याला घ्यावाच लागणार नाही.

आईंना हे आवडले नाही. “आल्यागेल्याला उघडा संसार दिसतो,” असे त्या म्हणाल्या आणि त्यांचे म्हणणे मला गैर वाटले नाही, कारण ते घर त्यांचेही होते. एका भेटीत मायलेकी दोघींना समोर बसवून आम्ही वाटणी केली: बैठकीची खोली आईंच्या पद्धतीने राहील, स्वयंपाकघर आणि मुलीची खोली मुलीच्या.

घराच्या निर्णयाकडे वळताना मी तो तक्ता बंद करायला लावला. निर्णयप्रक्रियेचे अभ्यासक हर्बर्ट सायमन यांनी १९५६ साली मांडलेला एक विचार इथे फार उपयोगी पडतो: सर्वोत्तम पर्याय शोधत राहण्यापेक्षा, आधी ठरवलेल्या गरजा पुरवणारा पहिला पर्याय स्वीकारावा. तिने कागदावर तीनच अटी लिहिल्या. रिक्षाने ठाणे स्थानक अर्ध्या तासाच्या आत, भाडे ठरलेल्या रकमेच्या आत, आणि आईच्या गुडघ्यांसाठी लिफ्ट. २३ पैकी चार घरे उरली. “पण त्यांतले सगळ्यांत चांगले कोणते?” असे तिने विचारले, तेव्हा तिचा आवाज खरोखर कापत होता. चारांपैकी जे आधी पाहिले होते ते, असे आम्ही ठरवले आणि शनिवारी सकाळी ११ वाजता, मैत्रीण शेजारी बसलेली असताना, तिने एजंटला फोन केला. मैत्रिणीने काहीच बोलायचे नव्हते. नुसते कोणी शेजारी असले तरी अनेकांना कामाला हात घालणे सोपे जाते.

ही रीत मी सरसकट सुचवत नाही. ११ महिन्यांनी बदलता येणारे घर आणि लग्न किंवा शस्त्रक्रिया यांचे निर्णय एका मापाने मोजता येत नाहीत. उपायही सगळ्यांना सारखे लागू पडत नाहीत. नेरूळच्या एका स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) तरुणाला उघड्या फळ्यांवरील रंगीबेरंगी वस्तूंचा इतका त्रास होई की त्याच्यासाठी आम्ही उलट सगळे काही एकसारख्या, चिठ्ठ्या लावलेल्या बंद डब्यांत ठेवले, आणि त्याला वस्तू हलवण्याआधी सांगायचे, एवढा नियम घरच्यांनी पाळला.

तिची व्यवस्था पुढे दोनदा कोलमडली. टोपली भरून वाहू लागली तेव्हा ‘रविवारचा चहा गॅसवर ठेवला, की टोपलीतला एक कागद उचलायचा’ असे जर-तरचे वाक्य आम्ही बनवले; मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९९ साली अशा वाक्यांविषयी सविस्तर लिहिले आहे. खुंटी मात्र नव्या घरातही टिकली. करार पुन्हा संपत आला तेव्हा तिने मला दाराचे छायाचित्र पाठवले. खुंटीशेजारी तोच अटींचा कागद चिकटवलेला होता; भाड्याचा आकडा खोडून नवा लिहिला होता आणि लिफ्टची अट आईंच्या अक्षरात पुन्हा गिरवलेली होती.